खाली घेतलेला माणूस

नाकातून दुर्बीण घालायची आहे असं सांगितलं की आमच्याकडचा माणूस आधी तळहाताने नाक झाकतो, मग नातेवाइकांकडे बघतो आणि मग मला विचारतो, तोंड कशाला दिलंय मग देवानं. परभणीत पोटाच्या विकारांची डॉक्टर म्हणून मी वीस-बावीस वर्षं काढली. हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता मी उत्तर देत नाही, नुसतं तोंड उघडायला सांगते. निम्म्या लोकांचं उघडतच नाही. गुटख्याने जबडे आवळलेले असतात, दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत. कुणाला लकवा मारून गेलेला असतो, कुणाच्या अन्ननलिकेत गाठ असते. अशा माणसाला जगवायचं तर अन्नासाठी पोटात नळी हवी. नुसती अंदाजाने सरकवलेली नळी मध्येच अडते, तेव्हा माझी बारकी दुर्बीण कामाला येते. पेन्सिलीपेक्षा बारीक, काळी, टोकाला दिवा. ती नाकातून घशात, घशातून अन्ननलिकेत, तिथून पोटात न्यायची, तिच्या आतल्या वाटेने एक तार सोडायची, दुर्बीण काढून घ्यायची आणि त्या तारेवरून नळी ओवत आत न्यायची. सांगायला सोपं आहे.

जाड दुर्बीण तोंडातून जाते तेव्हा माणूस बोलू शकत नाही, त्याला उमासे येत राहतात. बारकीचं तसं नाही. ती आत असताना माणूस जागा असतो, आणि बोलतो. मी त्याच्या घशात असते आणि तो म्हणतो, ‘मॅडम, दुखायलंय.’ पडद्यावर मला आधी स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या जवळ येताना दिसतात, थरथरतात, आणि मग शब्द कानावर पडतो. दोन्ही जवळजवळ एकदमच होतं, पण मला नेहमी आधी दिसतं आणि मग ऐकू येतं असं वाटतं. हे मला पहिल्या दिवशी आवडलं नव्हतं आणि आजही आवडत नाही. माणसाच्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आधीच आपण तिथे जाऊन उभं राहिलोय, असं काहीतरी.

माझा स्वभाव तापट आहे. आमची सिस्टर म्हणते की मॅडमचा पारा आणि सोनपेठचं ऊन, दोन्ही सकाळी नऊलाच चढलेले असतात. नातेवाइकांनी पेशंटसमोर कुजबुज केली की माझं डोकं फिरतं. पेशंटला आणायला उशीर केला की फिरतं. आणि कुणी माझ्यापासून काही लपवलं तर मी दवाखाना डोक्यावर घेते. हे आधी सांगून ठेवते, कारण त्या दिवशी तिन्ही गोष्टी झाल्या आणि मी ओरडले मात्र नाही.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. दुपारी बाराच्या सुमाराला सोनपेठकडून, गंगेच्या काठच्या एका गावाहून जीप आली. गंगा म्हणजे आमची गोदावरी. इकडे तिला कुणी दुसऱ्या नावाने हाक मारत नाही. पेशंट घेऊन येणारी माणसं पळत येतात, आरडाओरडा करतात, स्ट्रेचर मागतात. ही सहा-सात माणसं सावकाश उतरली, चपला बाहेर काढल्या आणि व्हरांड्याच्या भिंतीला पाठ लावून ओळीने उभी राहिली. मयतीला आलेली माणसं उभी राहतात तशी.  मी काचेतून बघत होते आणि मला वाटलं, माणूस वाटेतच गेला.

तो गेला नव्हता. जीपच्या मागच्या भागात, सीटवर नव्हे तर दोन सीटांच्या मधल्या जागेत खाली, घोंगडीवर तो पडला होता. सत्तरीच्या पुढचा, हाडं तेवढी शिल्लक राहिलेला. डोळे सताड उघडे. त्याच्या उशाशी चाळिशीची एक बाई उकिडवी बसली होती आणि पदराच्या टोकाने त्याच्या ओठांच्या कडेला येणारी लाळ टिपत होती. ती त्याची लेक. वालूरकडे दिलेली, निरोप गेला तशी धावत आलेली.

मी स्ट्रेचर आणायला सांगितलं, तेव्हा भिंतीपाशी उभा असलेला मुलगा पुढे आला. चांगला पन्नाशीचा, शांत माणूस. तो हात जोडून म्हणाला, “मॅडम, आबाला खाली घेतलंय. आता वर ठेवता येत न्हाई.”

खाली घेणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. माणसाचा श्वास अडकायला लागला, की त्याला बाजेवरून उतरवून सारवलेल्या जमिनीवर घेतात, तोंडात गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान घालतात. आम्ही बौद्ध, त्यामुळे माझ्या माहेरी हे कधी नव्हतं. माझे आजोबा जिंतूरला लोखंडी पलंगावरच गेले. पण इतकी वर्षं याच जिल्ह्यात काढल्यावर कोणाच्या घरी काय चालतं ते कळतंच. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की खाली घेतलेला माणूस जर गेलाच नाही तर पुढे काय करायचं. त्यांनाही ते माहीत नव्हतं. त्यांच्या घरात असं आजवर कधी झालं नव्हतं.

आबांना व्हरांड्यात फरशीवरच उतरवून घेतलं आणि हकिकत मी तुकड्यातुकड्याने काढून घेतली. महिन्यापूर्वी आबांना लकवा मारला, उजवा हात गेला, वाचा गेली, पण भरवलेलं थोडंफार गिळत होते. मग ताप आला, छातीत घरघर सुरू झाली, शुद्ध हरपली. भावकीने बघितलं आणि वेळ आली म्हणून सांगितलं. खाली घेतलं, पाणी दिलं, सोयऱ्याधायऱ्यांना निरोप गेले, माणसं जमली. दुसऱ्या दिवशी घरघर थांबली आणि म्हाताऱ्याने डोळे उघडले. त्या गोष्टीला आज नऊ दिवस झाले होते. तेव्हापासून त्याने दात घट्ट मिटून घेतले होते. गावातल्या डॉक्टरने हातातून सलाईन चालू ठेवलं, दोनदा नाकातून नळी घालून बघितली, दोन्ही वेळा ती एकाच जागी अडली आणि घशात गुंडाळली जाऊन परत आली. लेक चमच्याने दूध घालायची ते ओठांवरून ओघळायचं. मुलगा आणि सून रोज सकाळी आंघोळ करून पुढच्या दोन पडलेल्या दातांच्या फटीतून गंगेचे चार थेंब आणि तुळशीचं ताजं पान सरकवायचे. आता निघतील, मग निघतील म्हणून. सोयरे परत जायला धजावत नव्हते, आणि थांबून काय करायचं तेही कळत नव्हतं.

मला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही. कारण ही सगळी माणसं आबांविषयी बोलताना आवाज खाली आणत होती, आबा कसे होते, आबांचा हात कसा सढळ होता, आबांनी कुणाचं वाईट केलं नाही. आणि आबा त्यांच्या पायाशी पडून छताकडे बघत ते ऐकत होते. मी नाडी बघायला वाकले. पांघरूण पायावरून सरकलेलं होतं. दोन्ही पायांच्या अंगठ्यांवर बारीक लालसर वळ होता, एकसारखा. कुणीतरी त्या पहिल्या दिवशी घाई करून, मयताचे बांधतात तसे, अंगठे दोऱ्याने बांधले होते, आणि मग सोडले होते. नऊ दिवस झाले तरी खूण गेली नव्हती, कारण त्या अंगात खूण पुसून काढण्याइतकंही रक्त उरलेलं नव्हतं.  मी पांघरूण परत ओढून घेतलं आणि हात धुवायला गेले.

लेक माझ्यामागोमाग बेसिनपाशी आली. ती पहिल्यांदाच बोलली, आणि अगदी हळू. तिचं म्हणणं एवढंच होतं, की आबांना टेबलावर चढवायचं नाव काढलं तर भाऊ जीप वळवून घरी नेईल, आणि मग ती काहीच करू शकणार नाही. भाऊ वाईट नाही, तिने दोनदा सांगितलं. तो सोडवायला बघतोय, ती धरून ठेवायला बघतेय, एवढाच फरक. तिला वडील हवे होते. लुळे, मुके, कसेही. डोळे उघडे आहेत तोवर तोंडात अन्न गेलं पाहिजे, एवढंच ती मला पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

माझ्या दवाखान्यात पेशंट खाटेवर झोपतो, हा माझा नियम. त्या दिवशी मी तो मोडला. तपासणीच्या खोलीत फरशी पुसून घेतली, त्यावर त्यांचीच घोंगडी अंथरली आणि आबांना चौघांनी अलगद आणून तिच्यावर, डाव्या कुशीला वळवून ठेवलं. खिडक्यांचे पडदे ओढले, कारण उजेडात दुर्बिणीचं चित्र नीट दिसत नाही. मी गुडघे टेकून खाली बसले. दुर्बिणीचा पडदा मात्र ट्रॉलीवर होता, वर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला. त्यामुळे त्या अंधाऱ्या खोलीत सगळे वर मान करून उभे होते, मीसुद्धा वरच बघत होते, आणि ज्याच्या आतलं आम्ही बघत होतो तो एकटा खाली होता. मुलाने पडद्याला हात जोडले. असं करणारे पुष्कळ असतात, मी टोकत नाही.

सुरुवात करण्याआधी मी गावाहून आणलेला छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरून बघितला होता. फुप्फुसं वाईट होती. फिल्मच्या अगदी वरच्या कडेला, गळ्याचा भाग जिथे फिल्मबाहेर गेला होता तिथे, एक लहानसा पांढरा ठिपका होता. आबांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत होता. इकडे निम्म्या लोकांच्या एक्स-रेत ताईत, मणी, करदोट्याची पेटी असलं काहीतरी दिसतंच. मी तो ठिपका ताईत म्हणून सोडून दिला. ही माझी चूक, आणि ती सांगताना मला अजून लाज वाटते.

नाकात जेली घातली, दुर्बीण सरकवली. आबांनी पापणीसुद्धा हलवली नाही. नाकाचा गुलाबी बोगदा मागे गेला, टाळू गेली आणि घसा समोर आला. लाळेचं तळं साचलेलं होतं, ते ओढून काढलं. मग मला त्या दोन पट्ट्या दिसल्या, आणि माझा हात थांबला.

त्या हलत होत्या. श्वासाने उघडतात-मिटतात तशा नव्हे. जवळ यायच्या, थरथरायच्या, सुटायच्या, परत जवळ यायच्या. थांबून थांबून, एकाच चालीत, पुन्हा पुन्हा. मी मान वळवून खाली बघितलं. दात मिटलेले, ओठ निश्चल, कुशीवर असूनही डोळे छताकडेच लागलेले. खोलीत लाळ ओढणाऱ्या सक्शनच्या मशीनशिवाय आवाज नव्हता. पण माणूस बोलत होता. ज्याची वाचा महिन्यापूर्वी गेली असं सगळे धरून चालले होते तो मिटल्या दातांच्या आत काहीतरी एकच एक म्हणत होता, आणि ते पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं, फक्त ते बोलणं आहे हे माझ्याशिवाय कुणालाच कळत नव्हतं. काय म्हणत होता ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर विचारायचं धाडसही झालं नाही. मी सिस्टरला पाणी मागितलं. ती म्हणाली, कशाला, दुर्बीण धुवायला का? मी म्हटलं, मला प्यायला.

मग पुढे गेले. अन्ननलिकेचं तोंड उघडायची थोडी वाट बघितली, ते उघडलं, दुर्बीण आत शिरली आणि दोन बोटांवर थांबली. समोर पानं होती. तुळशीची. सगळ्यात वरचं हिरवंगार, त्याच सकाळचं. त्याखाली मलूल झालेली, त्याखाली काळी पडलेली, एकावर एक चिकटलेली. रोजचं एक. मी पाण्याचा फवारा मारला, चिमट्याने एकेक बाजूला केली, आणि खालून पिवळं काहीतरी चमकलं.

ती सोन्याची वाटी होती. मंगळसूत्रात दोन असतात तसली एक. तोंड वर करून, अन्ननलिकेच्या भिंतीत दोन्ही कडा रुतवून ती आडवी बसली होती, आणि तिच्यात थोडं पाणी साचलं होतं. दिव्याचा उजेड पडला तशी ती आतून सगळी उजळली. अंधाऱ्या, ओल्या, जिवंत नळीत ती भरलेली वाटी, आणि श्वासागणिक तिच्यातलं पाणी किंचित हलायचं. माणसाच्या घशात कुणीतरी आत बसून पूजा मांडली आहे, असं मला वाटून गेलं. मी अशा जागी बिया बघितल्या आहेत, हाडं बघितली आहेत, कवळीचे दात बघितले आहेत. कधी भीती वाटली नव्हती.

“हे कुणी घातलं?” मी विचारलं.

मुलगा वर बघत राहिला. त्याने शपथ घेऊन सांगितलं, की आम्ही नुसतं पाणी अन् तुळस दिली, सोनं घालायचं ते जीव गेल्यावर. भावकीतल्या माणसांनी माना हलवल्या. मी आबांच्या उशाशी बसलेल्या लेकीकडे बघितलं. तिचा हात गळ्याशी गेला होता आणि तिथेच मुठीत मिटला होता. बोटांच्या फटीतून काळे मणी दिसत होते आणि एकच वाटी.

 नवरा जिवंत असताना बाईने मंगळसूत्रातली वाटी सोडवून काढली, आणि तीही मरणाऱ्या माणसाच्या तोंडात घालायला, हे इकडे कुणी ऐकूनसुद्धा घेणार नाही. नवऱ्याच्या जिवावर घाला घातल्यासारखंच ते. म्हणून ती नऊ दिवस गप्प होती. आबांना खाली घेतलं तेव्हा बाया रडत होत्या, पुरुष बाहेर निरोपांच्या गडबडीत होते, तेवढ्यात तिने दोऱ्यातून ती सोडवली. दोन वाट्यांमधली एक सासरची असते आणि एक माहेरची. माहेरची आबांनीच करून घातली होती. त्यांचंच सोनं त्यांच्याबरोबर जावं, रिकाम्या तोंडाने बाप जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. नंतर आबांनी डोळे उघडले, तेव्हा वाटी पोटात उतरली असेल आणि जाईल आपोआप, असं ती धरून चालली. हे सगळं तिने फरशीकडे बघत, एका दमात सांगितलं. भावाने तिच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. तिच्या लक्षात आलं ते एवढंच, की ज्याला वाचवायला ती नऊ दिवस सगळ्यांशी भांडत होती त्याचा घास तिनेच अडवला होता. तिचा चेहरा मला बघवेना.

माझ्या तोंडात ओरडायला पुष्कळ शब्द आले होते. मी ते गिळले आणि कामाचं बोलले. बारक्या दुर्बिणीतून जाणारा चिमटा एवढासा असतो. वाटीच्या कडीत तो अडकवून तिला घशापर्यंत वर ओढता येईल, पण नाकातून ती बाहेर येणार नाही. तोंडातून वाकडा चिमटा घालून उचलावी लागेल. घशात आली आणि तोंड मिटलेलं असलं तर एका श्वासात ती श्वासनलिकेत जाईल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. बेशुद्ध करून जबडा उघडता आला असता. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी दोन दिवसांपूर्वी अशीच छाती असलेल्या दुसऱ्या एका पेशंटसाठी विचारलं होतं आणि ते स्पष्ट नाही म्हणाले होते. आता फोनवरही तेच म्हणाले. मग एकच वाट होती. आबांनी आपणहून तोंड उघडायला हवं होतं.

मुलाने वाकून सांगून बघितलं. भावकीतल्या थोरल्याने दरडावलं. मी जबड्याच्या सांध्यावर दाबून बघितलं, तर माझीच बोटं दुखली. तो जबडा लकव्याचा नव्हता. लकव्याचा जबडा सैल असतो, लोंबतो. हा आवळलेला होता, जाणूनबुजून, सगळी उरलीसुरली ताकद लावून. पडद्यावर त्या पट्ट्या आपल्या चालीने हलतच होत्या.

मी चिमटा वाटीच्या कडीत अडकवला आणि तसाच धरून बसले. आणखी काय करणार? हाताला त्याचा श्वास लागत होता, चिमट्याच्या तारेतून, बारीक ओढ येऊन जायची. मला एकदम वाटलं की ही वाटी मी एकटीनेच धरलेली नाही, पलीकडूनही तिला कुणीतरी धरलंय. असले विचार माझ्या डोक्यात येत नाहीत. त्या दिवशी आला, आणि मी चिमटा सोडला नाही.

तेव्हा लेक खाली वाकली. गाल फरशीला लागेल इतकी खाली, त्याच्या उघड्या डोळ्यांच्या समोर.

“आबा,” ती म्हणाली, “माझी वाटी मला परत द्या. मी चुकले. मला परत पायजे ती.”

काही झालं नाही. सक्शन घुरघुरत होतं. ती तशीच पडून राहिली आणि लहान पोर हट्ट करतं तसं तेवढंच पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली. मी वर बघत होते. पट्ट्यांची चाल मोडली. त्या एकदा जवळ आल्या, नुसत्याच थांबल्या, आणि मग पूर्ण सुटल्या. सिस्टरने माझा खांदा दाबला. मी खाली बघितलं तर आबांचे दात सुटले होते. जीभ कोरडी, सालपटं धरलेली, पण तोंड उघडं, आणि डोळे पहिल्यांदाच छतावरून उतरून लेकीवर आलेले.

पुढचं मिनिटभरात झालं. ओढलं, वाटी कडा सोडून वर आली, घशात एकदा डुचमळली, सिस्टरने वाकड्या चिमट्याने ती उचलली आणि ताटलीत टाकली. तिचा आवाज झाला तेव्हा भिंतीपाशी कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला. मी दुर्बीण तशीच पुढे पोटात नेली. नऊ दिवसांचं रिकामं पोट, चिकटलेलं. तार सोडली, दुर्बीण काढली, नळी ओवली, तार काढली, नाकाला चिकटपट्टी लावली. मग पन्नास मिली कोमट पाणी सोडलं, अगदी सावकाश. लेक त्या नळीकडे बघत होती. मुलगा बाहेर गेला होता. थोड्या वेळाने तो आत आला आणि म्हणाला, मॅडम, खाटेवर ठेवायचं तर ठेवा. त्याच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं त्यालाही कुणीतरी सोडवलं होतं.

आबा आठ दिवस दवाखान्यात राहिले. कडांनी कापलेली जागा भरून आली. छाती निवळली. घरी न्यायच्या वेळी जरा अडलं. खाली घेतलेल्या माणसाला परत उंबऱ्यातून आत कसं घ्यायचं, यावर भावकीत एकमत होईना. लेक त्यांना वालूरला घेऊन गेली. तिचा नवरा गाडी घेऊन आला होता, आणि मंगळसूत्राविषयी तो एक शब्द बोलला नाही, निदान माझ्यासमोर तरी.

महिन्याने ते नळी काढायला आले. तोवर थोडं थोडं गिळू लागले होते, आणि वाचाही आली होती, जाड, घोगरी, शब्द शब्द मोजून. मी नळी काढली, आणि लेकीला म्हटलं की आता माझ्यासमोर पेज पाजून दाखव. ती पेला भरत होती तोवर मी आबांची थट्टा केली. म्हटलं, आबा, नऊ दिवस दात आवळून बसलात, आधीच तोंड उघडलं असतं तर एवढा कुटाणा झाला नसता की.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते लेकीकडे बघत होते.

“मला समदं ऐकू यायचं,” ते म्हणाले. “पोरानं पाणी पाजलं, सुनंनं पाजलं, भावकीनं पाजलं. म्हणलं पाजू द्या, मी कुठं जायलोय. मंग हिनं सोनं घातलं.” मध्ये त्यांना दम लागला. “तवा म्हणलं, आता हीबी जा म्हणायली. मंग कशाला तोंड उघडायचं.”

लेकीने पेला त्यांच्या तोंडाजवळ नेला होता. तो तिथेच, हवेत राहिला. मग कलला आणि पेज काठावरून सांडून त्यांच्या धोतरावर पडली.  मग आबांनीच मान पुढे केली आणि पेल्याला तोंड लावलं.